भूकंपाच्या फिरत्या चौक्या

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची भिंत आहे, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांचें पठार आहे, आणि या दोहोंमधील सखल प्रदेशांतून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहते. शेगांव, नांदुरा, मलकापूर या बाजूस पूर्णेच्या गाळाची खोल काळी जमीन लागते. उलट चिखली, मेहकर, लोणार या बाजूस थोडें खणतांच काळा पत्थर हाताशीं येतो. हा मुलूख भूकंपाचा म्हणून कोणी ओळखीत नाहीं. तथापि १४ मार्च १९३८ रोजीं याच सातपुड्यांत, जिल्ह्याच्या वायव्येस, ६.३ परिमाणाचा भूकंप झाला होता. आणि २२ मे १९९७ रोजीं नर्मदेच्या पट्ट्यांतील जबलपुरास ५.८ परिमाणाच्या भूकंपानें मोठी हानि पोंचविली. भूमि शांत दिसते म्हणून ती स्वस्थ आहे असें समजण्याचें कारण नाहीं. तिच्या पोटांत काय चाललें आहे हें जाणण्यासाठीं तिच्याजवळ जाऊन कान लावावा लागतो. वाहून नेतां येण्याजोगें भूकंपमापक यंत्र हाच तो कान होय.

भूकंप नोंदविणाऱ्या कायमच्या वेधशाळा आपल्या देशांत जुन्या आहेत. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच असें यंत्र बसविलें गेलें. मग यंत्रें खांद्यावर घेऊन रानोमाळ फिरण्याचें प्रयोजन काय, अशी शंका साहजिक आहे. तिचें उत्तर असें कीं, मोठा भूकंप दूरच्या वेधशाळेसही कळतो, परंतु लहान धक्क्यांच्या लहरी थोड्याच अंतरावर विरून जातात. शिवाय धक्क्याचें केंद्र किती खोल होतें हें ठरवावयाचें तर यंत्र त्याच्या जवळच असावें लागतें. शेंकडों किलोमीटरांवरून खोलीचा अंदाज नीट बांधतां येत नाहीं.

भूकंपापासून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली वेगवान, दुसरी मंद. यंत्रावर पहिली लहर आल्यानंतर दुसरी किती सेकंदांनीं आली हें पाहून त्या सेकंदांस आठानें गुणलें म्हणजे केंद्राचें अंतर ढोबळ मानानें किलोमीटरांत मिळतें. पांच सेकंदांचा फरक असेल तर धक्का सुमारें चाळीस किलोमीटरांवर झाला. परंतु तो कोणत्या दिशेस झाला हें एकट्या यंत्राच्या वेळेवरून कळत नाहीं. त्यासाठीं तीन ठिकाणच्या नोंदी लागतात, आणि खोलीही हवी असल्यास आणखी अधिक. म्हणून फिरतीं यंत्रें एकेकटीं मांडीत नाहींत. त्यांचें जाळें पसरतात.

अशा जाळ्याचें मोल महाराष्ट्रास १९९३ सालीं फार मोठी किंमत देऊन कळलें. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें दगडामातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. त्यापूर्वीं, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, त्याच परिसरांत लहानमोठे धक्के बसले होते. परंतु त्यांचा जवळून मागोवा घेईल असें यंत्रांचें दाट जाळें तेथें नव्हतें. प्रलयानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें आणि जर्मनींतील पोट्सडाम येथील शास्त्रज्ञांच्या पथकानें तेथें फिरतीं यंत्रें मांडलीं व मागून येणारे धक्के टिपले. ते धक्के पृष्ठभागापासून अवघ्या कांहीं किलोमीटरांच्या आंत होत आहेत, असें त्यांवरून दिसून आलें. पुढें तेथें भोंक पाडलें तेव्हां काळ्या पत्थराचा थर सुमारें ३३८ मीटर जाडीचा भरला. म्हणजे जी भेग सरकली ती मुख्यतः या थराखालच्या पुरातन खडकांत होती. वरचें काळें पांघरूण पाहून खालच्या भेगेची कल्पना येत नाहीं, हा किल्लारीचा धडा आहे. आणि तेंच पांघरूण बुलढाणा जिल्ह्यावरही पसरलेलें आहे.

आतां या जिल्ह्यांत असें यंत्र मांडावयाचें झाल्यास काय करावें लागेल तें पाहूं. पहिला प्रश्न जागेचा. पूर्णाकांठची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर ठेवलेलें यंत्र हळूहळू कलतें. म्हणून शक्यतों पक्का खडक शोधावा. तो न मिळाल्यास खोल खणून काँक्रीटचा ओटा बांधावा. भुसावळ-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगांव या गांवांवरून जातो. आगगाडीचा हादरा यंत्रास दुरूनही ऐकूं येतो, तेव्हां रुळांपासून, मोठ्या रस्त्यांपासून आणि विहिरीवरील पंपापासून दूर राहावें लागतें. मोठें झाडही टाळावें, कारण वाऱ्यानें तें डोललें कीं त्याच्या मुळांबरोबर जमीनही हलते. परंतु अगदीं निर्जन जागाही चालत नाहीं. तेथें यंत्र चोरीस जाण्याचें भय. तेव्हां पुष्कळदां शाळेचें आवार किंवा एखाद्या शेतकऱ्याचें कुंपण घातलेलें रान पतकरावें लागतें. लोणारच्या विवराभोंवतीं किंवा ज्ञानगंगा अभयारण्यांत यंत्र ठेवणें असेल तर वनखात्याची परवानगी आधीं हवी.

जागा ठरल्यावर सुमारें हातदीड हात खोल खड्डा घेऊन त्याचा तळ सपाट करतात व त्यावर फरशी बसवितात. यंत्राच्या पोटांत स्प्रिंगवर तोललेलें वजन, चुंबक आणि तारेचें वेटोळें असतें. जमीन हलली कीं वजन मागें राहूं पाहतें, आणि त्या फरकामुळें वेटोळ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. प्रवासांत हें वजन अडकवून ठेवलेलें असल्यास तें मोकळें करावें लागतें. मग पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून यंत्र समतल करतात आणि त्यावरील खूण खऱ्या उत्तरेस लावतात. येथें एक मौज आहे. काळा पत्थर स्वतःच थोडा चुंबकीय असल्यामुळें होकायंत्राची सुई कित्येक ठिकाणीं वांकडी उत्तर देते. म्हणून दिशेचा पडताळा सूर्यावरून किंवा उपग्रहांवरून घेणें बरें. नंतर उन्हाची झळ व वारा लागूं नये म्हणून यंत्रावर पेटी घालून माती लोटतात. नोंदपेटी, बॅटरी, सौरपट आणि उपग्रहांचा संदेश घेणारा लहानसा ग्राहक हीं बाहेर राहतात.

हा ग्राहक दिसावयास क्षुल्लक, पण त्यावांचून सारी मेहनत फुकट. पहिली लहर खडकांतून सेकंदास सुमारें सहा किलोमीटर धांवते. एका यंत्राचें घड्याळ एक सेकंद चुकलें तर त्याच्या हिशेबांत धक्का सहा किलोमीटर सरकला म्हणून समजावें. म्हणजे एका गांवचा भूकंप शेजारच्या गांवीं जाऊन पडला! यासाठीं सर्व यंत्रांचीं घड्याळें उपग्रहांच्या एकाच वेळेशीं जुळविलेलीं असतात.

मांडणी झाल्यावर निघण्यापूर्वीं एकानें जवळ उडी मारावी आणि दुसऱ्यानें ती तिन्ही दिशांच्या नोंदींत उमटली कीं नाहीं हें पाहावें. यंत्राचा क्रमांक, जागेचे अक्षांश-रेखांश, चालू केल्याची वेळ, उत्तर कशी साधली, हें सर्व तेथल्या तेथें वहींत लिहावें. महिन्यांनंतर स्मरणावर भिस्त ठेवणारा फसतो.

यंत्र परत आणणें हें मांडण्याइतकेंच नाजूक काम आहे. मध्यंतरीं पाऊस झालेला असतो, पेटींत मुंग्यांनीं घर केलेलें असतें, उंदरांनीं तारा कुरतडलेल्या असतात. तरीही आल्याबरोबर वीज तोडूं नये. प्रथम घड्याळ उपग्रहांशीं पुन्हा ताडून किती मागें-पुढें झालें तें लिहावें, मग नोंद रीतसर थांबवावी. दर सेकंदास १०० याप्रमाणें तीन दिशांच्या नोंदी घेणारें यंत्र एका दिवसांत २ कोटी ५९ लक्ष २० हजार आंकडे सांठवितें. तीस दिवसांचे ७७ कोटी ७६ लक्ष होतात. ते संगणकावर उतरवून घ्यावयाचे, दोन निरनिराळ्या ठिकाणीं त्यांच्या प्रती करावयाच्या, प्रत उघडून पाहावयाची, आणि मगच यंत्राची स्मृति पुसावयाची. हा क्रम चुकला तर महिन्याभराचे धक्के कायमचे हरवतात, कारण झालेला भूकंप यंत्रासाठीं पुन्हा होत नाहीं.

अलीकडे तांब्याएवढीं लहान यंत्रेंही निघालीं आहेत. संवेदक, घड्याळ, बॅटरी व स्मृति हीं सर्व त्यांच्या एकाच डब्यांत असतात. अणकुचीदार खिळ्यानें तीं जमिनींत रोवतात, महिन्याच्या सुमारास उपटतात आणि फडताळासारख्या चौकटींत ओळीनें बसवितात. तेथें त्यांचे आंकडे उतरतात व बॅटरीही भरते. मात्र फार मंद लहरी त्यांस नीट ऐकूं येत नाहींत, म्हणून मोठ्या यंत्रांची गरज संपलेली नाहीं.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीच्या बाजूस धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हां अशाच फिरत्या चौक्या तेथें नेण्यांत आल्या. त्यांनीं भूकंप थांबविला नाहीं, किंवा पुढचा कधीं होईल हेंही सांगितलें नाहीं. तसें भाकीत आजही कोणास करतां येत नाहीं. परंतु खडक कोठें तुटत आहे, किती खोल तुटत आहे आणि धक्के कोणत्या बाजूस सरकत आहेत, हें त्यांवरून कळूं शकतें. आणि कोणत्या गांवच्या भिंती आधीं बळकट कराव्या हें ठरविण्यास तेवढें ज्ञान बहुमोल आहे.

या कामांत गांवकऱ्यांचा वाटा थोडा नाहीं. शेताच्या बांधावर अशी पेटी दिसली तर तिच्या खांबास बैल बांधूं नये, जवळ पंप बसवूं नये, सौरपटावर कपडे वाळत घालूं नयेत. खड्ड्यांत पाणी शिरलेलें किंवा तार तुटलेली आढळल्यास पेटीवर लिहिलेल्या पत्त्यावर कळवावें. आणि धक्का जाणवला तर घड्याळ पाहून त्याची वेळ टिपून ठेवावी. यंत्र नेमकें त्याच दिवशीं बंद पडलेलें असलें, तर ती चार अक्षरेंही शास्त्रज्ञांच्या उपयोगीं पडतात.