लावणी उरकली, आता इरलं आणि घोंगडी कशी जपायची?

भोर-वेल्ह्याच्या मावळात भातलावणी वाकून, दोन्ही हातांनी होते. छत्री धरणार कोण? म्हणून डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं इरलं किंवा घोंगडीची खोळ. पण ती पुढच्या जूनपर्यंत टिकवायची कशी?

इरलं: बांबूच्या कामट्या आणि पळसासारखी पानं. चिखल साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. कडक उन्हात पानं ठिसूळ होतात. वर ओझं न ठेवता टांगून ठेवा. बांबूतल्या स्टार्चवर कीड जगते. पूर्वी चुलीचा धूर तिला लांब ठेवायचा. आता घरात गॅस आहे, म्हणून अधूनमधून तपासा. खाली पिठासारखा भुगा दिसला, तर कीड लागली समजा.

घोंगडी: ही लोकरीची. गरम पाण्यात आकसते, ओली घडी घातली तर कुबट वास येतो. लोकर खातात कसरीच्या अळ्या, त्याही अंधारात, न हलवलेल्या घडीत. कडुनिंबाचा सुका पाला ठेवा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. अधूनमधून घडी मोडा, झटका, ऊन द्या.

हॅट वापरता? गवताची हॅट इरल्यासारखी जपा. फेल्टची हॅट म्हणजे बहुधा दाबलेली लोकरच, ती घोंगडीसारखी.