इंजिनाचा श्वास

थोरल्याने हट्टच धरला, "बाबा, गाडीला कोन फिल्टर बसवू या, पिकअप वाढेल." इंजिन कंपनीतून आले तसेच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, हे खरे. पण बॉनेटखालचा उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम हवाच ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. मूळ डबा बहुधा पुढच्या जाळीजवळची थंड हवा घेतो. मग वाढतो तो आवाज! पाइप खाली बंपरपाशी न्यावा, तर बेळगावच्या पावसात साचलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती. शेवटी मूळ डब्यातच बसणारा, धुऊन वापरायचा सुती फिल्टर घेतला. त्याला तेल बेतानेच लावावे. जास्त झाले तर ते एअर फ्लो सेन्सरवर बसते. थोरला अजून रुसलेलाच आहे.