परातीतला कापूर

चतुर्थीला मालवणात, धुरीवाड्यातल्या घरी, आरती आटोपली की काकी कापराची एक वडी गुपचूप माझ्या हातावर ठेवायची. पडवीत परात, तिच्यात विहिरीचं पाणी. नखाएवढा कपचा टाकला की तो सुसाट सुटायचा आणि काठाला टेकायच्या आत वळायचा. एकदा शेजारच्या पोरानं खोबरेल चोपडलेलं डोकं खाजवून तेच बोट पाण्यात बुडवलं. कपचा जागच्या जागी थिजला. "पाणी बाटवलंस मेल्या!" काकी ओरडली.

या बाटण्याचं माप भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1890 सालीच काढलं होतं, हे मला कॉलेजात कळलं. 84 सेंटिमीटर व्यासाचं अंघोळीचं पात्र, म्हणजे आपलं घंगाळच म्हणा. कापूर थांबवायला त्यात 0.81 मिलिग्रॅम ऑलिव्ह तेल पुरलं. थराची जाडी मिलिमीटरच्या 10 लाखाव्या भागाच्या जेमतेम 1.6 पट! कापूर विरघळतो तिथला पृष्ठताण घटतो आणि पलीकडचं स्वच्छ पाणी कपच्याला ओढून घेतं. तेल सगळीकडे पसरलं की ही ओढच उरत नाही.

तेल तेवढंच ठेवून पाण्याची जागा बदलली तर काय, हा प्रश्न मात्र जर्मनीतल्या ॲग्नेस पॉकेल्स या घर सांभाळणाऱ्या बाईंनी हाताळला. पत्र्याच्या पन्हाळीत आडवी पट्टी सरकवून त्या पाण्याचा पृष्ठभाग हवा तसा आकसवत. तेल तेवढंच, पण जागा कमी झाली की ताण कोसळे. त्यांचं पत्र रॅलींनीच 1891 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणलं.

तेव्हा कुठे मला आमच्या वाटीचं कोडं उलगडलं. परातीत बराच वेळ हुंदडणारा कपचा वाटीत चार गिरक्या घेऊन मंदावायचा. तेलाचं बोट नसतानाही! इवल्याशा पाण्यावर त्याचाच कापूर साचायचा.

पुढे प्रयोग फारच रंगले. 2010 मध्ये जपानी संशोधकांनी गोल चरातून कापराच्या होड्या सोडल्या. त्या कधी समान अंतरानं पळाल्या, तर कधी घाटातल्या गाड्यांसारख्या खोळंबल्या. मुंबईच्या आयआयटीत पुनीत परमानंद यांच्या गटानं एका जागी खिळवलेल्या कापूरपट्ट्या शेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींच्या तालात फिरू लागल्या. तो निबंध 2019 चा.

गेल्या चतुर्थीला मी परातीच्या मधोमध तांब्या ठेवला. कपच्याला मोकळं रान उरलं नाही. तो तांब्याभोवती फिरत राहिला, पण उलटा. मागे त्याचाच कापूर, मग परत कसा फिरणार? "देवाक उलटी प्रदक्षिणा?" काकीनं विचारलं आणि कपचा चिमटीत धरून वळवायला ती वाकली. नुकतीच करंज्या तळून उठली होती.