जुन्या पोस्टरांवरील चुका आणि उसनी चित्रे

आमच्या घरात पदवी अजून यायची आहे. मी द्वितीय वर्षात आहे आणि महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली पहिलीच. सिनेमाच्या जाहिरातींशी मात्र आमचा संबंध फार जुना. माझे आजोबा तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये पोस्टर्स चिकटवण्याच्या कामावर होते. खळीची बादली, कीड लागू नये म्हणून खळीत टाकायचे मोरचूद, एक शिडी आणि सायकल, एवढी त्यांची सामग्री. आजोबांना अक्षरओळख नाही. कोणते पोस्टर कोणत्या खेळाचे, हे ते चित्रावरून ओळखत. त्या चित्रापायीच एकदा त्यांचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. ती हकीगत पुढे येईलच. आधी जुन्या पोस्टरांवर काय काय चुकते आणि ते ओळखायचे कसे, ते सांगते.

आपल्याकडची एक गमतीची चूक अगदी आरंभकाळातली आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्याच्या जाहिरातीत ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा आकड्यांचा थाट होता. हे आकडे सिनेमाच्या इतिहासात नेहमी सांगितले जातात. मी एकदा वहीवर हिशेब मांडून पाहिला. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. ५७,००० ला १६ ने भागले की सुमारे ३,५६० फूट येतात. चित्रपटाची नोंदलेली लांबी ३,७०० फूट आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळपास बरोबर. पण मैल होतो ५,२८० फुटांचा! दोन मैलांना १०,५६० फूट फीत हवी. एकाच जाहिरातीत एक आकडा खरा, तर शेजारचा जवळजवळ तिप्पट फुगवलेला. फाळक्यांना खोटे पाडण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. रात्र-रात्र नाटक पाहणाऱ्या माणसाला तासाभराच्या खेळासाठी तीन आणे सोडायला लावायचे, तर मैलच मोजून दाखवावे लागणार.

अशा चुका परदेशातही होतात, आणि त्या तर नावातच असतात. १९६९ साली अमेरिकेत ‘क्राकाटोआ, ईस्ट ऑफ जावा’ हा चित्रपट लागला. १८८३ साली ज्याचा प्रचंड स्फोट झाला तो हा ज्वालामुखी. तो जावाच्या पूर्वेला नसून पश्चिमेला आहे. शाळेतला नकाशा उघडला असता तरी कळले असते!

चित्रातल्या चुका ओळखायला मात्र नकाशा लागत नाही, घरातले डोळे पुरतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. पुढे छायाचित्रावर रंग चढवून पोस्टर करण्याची रीत पडली आणि तिथे घोटाळे सुरू झाले. नायक-नायिका एकमेकांकडे पाहात आहेत असे दाखवायचे असले आणि दोघांचेही फोटो एकाच दिशेचे निघाले, तर त्यातला एक उलटा करून छापत. मग पुरुषाच्या सदऱ्याची बटणे बायकी बाजूला जातात, घड्याळ उजव्या मनगटावर येते, डाव्या खांद्यावरचा पदर उजवीकडे जातो. (पदराच्या बाबतीत जपून बोलावे, कारण गुजराती पद्धतीत तो उजव्याच खांद्यावरून पुढे येतो.) एका पौराणिक चित्रपटाच्या पुस्तिकेवर मी ऋषींचे जानवे उजव्या खांद्यावर पाहिले. उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य, जानवे श्राद्धकर्मात घेतात. हे ऋषी तर वधूवरांना आशीर्वाद देत होते!

दुसरी खूण मानेची. धड एका फोटोचे आणि डोके दुसऱ्याचे असेल, तर चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडतो आणि गळ्यावर उजवीकडून. नटाचे डोके पाच वर्षांपूर्वीच्या चित्रपटातून उचलले असेल, तर केसांचा भांगच चुगली करतो. छापखान्याच्या दृष्टीने यात काही पाप नव्हते. जस्ताचा ब्लॉक एकदा करून घेतला की तो झिजेपर्यंत वापरणे हा साधा व्यवहार. शब्दही उसने घेत. ‘शोले’ (१९७५) च्या इंग्रजी जाहिरातीत ही आजवर सांगितलेली सर्वश्रेष्ठ कथा असल्याचा दावा होता. ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ हे १९६५ साली आलेल्या, ख्रिस्ताच्या जीवनावरील एका इंग्रजी चित्रपटाचे नाव आहे.

जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागत आणि तेच चित्र पुन्हा छापले जाई. त्यामुळे पोस्टर पहिल्या वेळचे की नंतरचे, हे पाहायला चित्र सोडून कडेचा बारीक मजकूर वाचावा. ‘श्यामची आई’ १९५३ सालचा. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले १९५४ मध्ये. पदकाचा उल्लेख असलेले पोस्टर पहिल्या खेळाचे असूच शकत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि व्हेनिसचा १९३७ मधला सन्मान यांचेही तसेच. गाण्यांच्या पुस्तिकेवर किंमत ‘नये पैसे’ अशी असेल, तर ती १९५७ ते १९६४ या काळातली. आणि मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण छापखान्याच्या पत्त्याची. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. त्याआधी नुसते ‘मुंबई ४’ लिहीत, त्याचे नंतर ‘४०० ००४’ झाले.

आता आजोबांची हकीगत. साल त्यांना आठवत नाही, पण माझे वडील तेव्हा रांगत होते. गुरुवारी रात्री एस.टी.ने पोस्टरांची गुंडाळी आली. शुक्रवार बाजाराचा दिवस, म्हणून पहाटेच त्यांनी सगळा बाजार रंगवून टाकला. दुपारी व्यवस्थापक ओरडत आले. भिंतींवर भलत्याच, जुन्या चित्रपटाचे नाव होते. नायक तोच, चित्र तेच, पण नाव दुसरे. लोक विचारू लागले, आत नक्की कोणता खेळ आहे? “अडाणी माणसाला कामावर ठेवलं की असंच होणार,” असे चारचौघांत ऐकवून पगार कापला. आजोबा म्हणत राहिले, “साहेब, आलेल्या गुंडाळीतलंच लावलंय.” ते ऐकतो कोण?

त्या गुंडाळीतले उरलेले एक पोस्टर आजीने ट्रंकेच्या तळाशी अंथरले होते. गेल्या दिवाळीत ट्रंक झाडताना ते माझ्या हाती आले. नावाच्या जागी कागद जाड लागला म्हणून उजेडाकडे धरले, तर खालून दुसरी अक्षरे दिसू लागली. नव्या चित्रपटाच्या नावाची पट्टी जुन्या पोस्टरावर डकवलेली होती! पोस्टरच्या कडेला छापखान्याचा पत्ता ‘मुंबई ४’, पट्टीच्या कोपऱ्यात दुसऱ्या छापखान्याचा पत्ता, सहा आकडी. शिल्लक राहिलेला जुना माल वितरकाने पट्टी लावून पाठवला होता. भिंतीला लावण्याआधी आजोबा कागद पाण्याने भिजवून घेत, म्हणजे सुरकुती पडत नाही. त्या पाण्याने पट्ट्या सुटून खाली पडल्या असणार. काळोखात कुणाला दिसल्या नाहीत, आणि दिसल्या असत्या तरी आजोबांना त्या वाचता कुठे येत होत्या?

मी त्यांना पट्टीची कड उचलून दाखवली, दोन्ही नावे वाचून दाखवली. त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला.

“म्हंजे गुंडाळीतच व्हतं,” ते म्हणाले. “तवाच म्हणत हुतो मी.”

ते व्यवस्थापक आता हयात नाहीत. टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय झाले आहे. आजोबांनी पोस्टरची घडी घातली आणि आजीला म्हणाले, “ह्ये आता ट्रंकंत खाली नगं, वर ठिव.”