डोळ्यांतील थेंब आणि परतीचा रस्ता

पुणे-नाशिक महामार्गावरील राजगुरुनगराचा दिनक्रम आता चाकणच्या कारखान्यांशी जोडला गेला आहे. पाळी संपवून घरी परतणारा कामगार वाटेत डोळे तपासून घेतो. बाहुली विस्फारणारे थेंब घातलेल्या डोळ्यांनी तो पुन्हा दुचाकीवर बसला, तर दृष्टी राखण्यासाठी योजलेला उपाय त्याच्या जिवावर बेतू शकतो.

वस्तुतः हे थेंब टाळता येण्याजोगे नाहीत. मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा आरंभी दुखत नाही, की दृष्टीही मंद करीत नाही. ती हेरायची, तर बाहुलीची खिडकी रुंद करावीच लागते. ट्रॉपिकामाइडचे थेंब २० ते ३० मिनिटांत हे काम करतात. परंतु त्यांचा परिणाम साधारणतः ४ ते ६ तास, क्वचित अधिकही टिकतो. ॲट्रोपिनचा अंमल तर आठवडाभराहून अधिक राहू शकतो. तोवर जवळची अक्षरे पुसट होतात आणि समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे सोसवत नाहीत. अशा वेळी वाहन काय किंवा यंत्र काय, दोन्ही दूर ठेवलेलीच बरी.

दुसरा धोका विरळा, पण गंभीर आहे. काहींच्या डोळ्यांतील द्रव वाहून नेणारा कोन मुळातच अरुंद असतो. बाहुली विस्फारल्यावर तो मिटला, तर डोळ्यातील दाब एकाएकी वाढतो. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्यांभोवती वलये दिसतात, उलट्या होतात. हे पित्त समजून रात्र काढणे म्हणजे दृष्टी पणाला लावणे होय. तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणूनच थेंबांपूर्वी या कोनाची तपासणी व्हावी आणि काचबिंदू, हृदयविकार, रक्तदाब यांची विचारपूस व्हावी. फेनिलेफ्रिनच्या १० टक्के तीव्रतेच्या थेंबांनी रक्तदाब वाढू शकतो. अशा रुग्णास २.५ टक्क्यांचे थेंब अधिक सुरक्षित. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरल्यास औषध रक्तात कमी उतरते.

१९७६ साली राष्ट्रीय अंधत्व निवारण कार्यक्रम सुरू झाला. तपासलेल्या डोळ्यांची संख्या मोजणे सोपे असते, परंतु थेंब घालण्यापूर्वी “सोबत कोण आहे? घरी कसे जाणार?” एवढे विचारण्यास पैसा लागत नाही. कारखान्यांनीही तपासणीच्या दिवशी कामगाराला पाळीतून मोकळे करावे. रुग्ण सुखरूप घरी पोहोचेपर्यंत तपासणी पुरी झाली, असे मानता येणार नाही.