हौस शेअर्सची, हिशेब घरचा

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. पण एक हौस अशी आहे, जिचं मोल सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत क्षणाक्षणाला बदलत असतं. ती हौस शेअर्सची!

आमच्या कर्जतहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात पूर्वी भाजी निवडली जायची, भिशीचे पैसे गोळा व्हायचे. भाजी आणि भिशी अजून आहेच, पण आता शेजारी मोबाइलवर हिरवे-लाल आकडेही दिसतात. ‘काय गं, तुझा तो वर गेला का?’ हा प्रश्न नवऱ्याबद्दल नसून शेअरबद्दल असतो, हे कळायला मला थोडा वेळ लागला. खोपोलीत शिकवण्या घेणारी ताई, खालापूरचे पेन्शनर काका, पोळीभाजी केंद्र चालवणारी वहिनी, सगळे ‘थोडंसं करून बघतात’.

खरं तर शेअर ही वस्तू आपल्या भागाला नवीन नाही. खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा. डोंगरावरून जाडजूड पाइप उतरताना दिसतील. खालचं वीजकेंद्र ज्या टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीनं बांधलं, ती १९१० मध्ये स्थापन झाली. भागधारकांनी पैसे घातले आणि १९१५ मध्ये इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये आंध्र व्हॅली कंपनीचं भिवपुरीचं वीजकेंद्र आमच्या कर्जत तालुक्यात सुरू झालं. या दोन्ही कंपन्या २००० मध्ये टाटा पॉवरमध्ये विलीन झाल्या.

खोपोलीला वीज करून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं. त्याच पाताळगंगेच्या परिसरात १९८२ मध्ये रिलायन्सचा धाग्याचा कारखाना सुरू झाला. या कंपनीनं १९७७ मध्ये सामान्य माणसांना शेअर्स विकले होते. तिथून जवळच, रसायनीत, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. तो बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१७ मध्ये घेतला. त्या कंपनीचेही शेअर्स लोकांच्या घरी होतेच की! म्हणजे वाढलेलं झाड आणि वठलेलं झाड, दोन्ही आपल्या खालापूर तालुक्यातच बघायला मिळतात. शेअर म्हणजे काय, हे समजायला याहून सोपा धडा नाही. शेअर म्हणजे मोबाइलवरचा आकडा नाही, चालत्या धंद्यातला छोटासा वाटा आहे. धंदा चालला तर वाटा वाढतो, बसला तर वाटाही बसतो.

भिशीत आपला नंबर कधीतरी लागतोच. बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज आधीच ठरलेलं असतं. शेअरमध्ये नंबर नाही आणि ठरलेलं व्याजही नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांच्या वर गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्या खाली उतरून आला. २३ मार्च २०२० ला, करोनाच्या धास्तीनं, एकाच दिवसात तो ३,९३४ अंकांनी कोसळला. पुढे बाजार सावरला हे खरं. पण तोवर थांबणं कुणाला जमलं? ज्यांचे पैसे फावल्यातले होते त्यांना. ज्यांनी मुलीच्या लग्नाचे किंवा कर्जाचे पैसे घातले होते, त्यांना पडत्या भावात विकावं लागलं.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. बाई बरीच वर्षं शेअर्स घेतात. पेन्शनमधून घरखर्च, औषधपाणी आणि ठेव बाजूला काढून जे उरेल, त्यातलंच थोडं. कंपनी काय करते ते समजल्याशिवाय हात लावत नाहीत. एका शाळेच्या वहीत तारीख, भाव आणि ‘का घेतला’ हे लिहून ठेवतात. मी विचारलं, ‘बाई, कधी बुडालात की नाही?’ तर हसून म्हणाल्या, ‘बुडाले ना! लाल शाईनं लिहिलंय बघ. पण दूधवाल्याचं बिल कधी थकलं नाही.’ हौस म्हणावी तर अशी.

याच हौसेची दुसरी बाजू मात्र काळजीची आहे. द्रुतगती मार्ग झाला, फार्महाऊस आली आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत जमीन विकल्याचे पैसे आले. ते बँकेत पडून आहेत म्हणताच घरातलं तरुण पोरगं म्हणतं, ‘आई, दे ना, महिन्यात दुप्पट करतो.’ ते जे करतं ते बहुतेक वेळा शेअर घेणं नसतंच. त्याला म्हणतात फ्युचर्स आणि ऑप्शन्स. हा भावावर लावलेला, मुदत असलेला सौदा. मुदत संपेपर्यंत अंदाज खरा ठरला नाही, तर ऑप्शन विकत घेण्यासाठी दिलेले पैसे पूर्ण जातात. सेबी या बाजार नियंत्रक संस्थेनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केले. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक! आता सांगा, शंभरातल्या सात जणांत आपलाच मुलगा असेल, या भरवशावर सात-बारा उतरवायचा का? जमीन एकदाच विकता येते, मैत्रिणींनो.

आणि व्हॉट्सअॅपवर ‘खात्रीशीर नफा’ देणारे ‘सर’ भेटले, तर त्यांना लांबूनच नमस्कार. खात्रीचा नफा असता तर त्यांनी तो आपल्याला कशाला वाटला असता?

आता आपल्या, बायकांच्या कामाचं. कित्येक घरांत शेअर्स नवऱ्यानं घेतलेले असतात आणि बायकोला त्यातलं काही ठाऊक नसतं. पुढे प्रसंग ओढवतो, तेव्हा कपाटातल्या पिशवीतून पिवळे पडलेले कागद निघतात. ते रद्दीत टाकू नका! १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर्स थेट विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डिमॅट करावे लागतात. पण वारसाहक्कानं ते आपल्या नावावर होऊ शकतात. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर ते शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तिथूनही अर्ज करून ते परत मागता येतात. या अर्जाला सरकारी शुल्क नाही, तेव्हा निम्मा वाटा मागणाऱ्या मध्यस्थाला हो म्हणण्याआधी थोडी चौकशी करा.

आणखी एक. नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी मिळाली, असं नाही. नॉमिनीकडे शेअर्स येतात, पण मालकी कायदेशीर वारसांचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नॉमिनीबरोबर मृत्युपत्रही हवं. हा विषय काढला की घरात ‘कशाला अभद्र बोलतेस?’ असं ऐकावं लागतं. ऐकून घ्या, पण विषय सोडू नका.

तुम्हाला स्वतःला हौस असेल, तर जरूर करा. डिमॅट खातं स्वतःच्या नावानं उघडा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. आपल्या सहीनं दुसऱ्या कुणाला सौदे करू देऊ नका, मग तो दीर असो की भाचा. वर्षाच्या हौसेची रक्कम पाडव्यालाच ठरवा. गेली तरी घरात ओरडा होणार नाही, एवढीच ती असू द्या. आणि एक दोनशे पानी वही आणा. लाल आणि निळी, दोन्ही पेनं लागतील.