कर्करोगाच्या प्रयोगशाळेतील संशोधन साहाय्यक : समजुती आणि वस्तुस्थिती

कर्करोग जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतील संशोधन साहाय्यक म्हणजे विद्यापीठातील एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन प्रकल्पावर, बहुधा एम.एस्सी. झाल्यानंतर, ठरावीक मुदतीसाठी नेमली जाणारी व्यक्ती. तिच्या कामाविषयी दोन टोकांच्या समजुती आढळतात. ती कर्करोगावरचे औषध शोधत असते अशी एक, आणि सांगितलेली द्रावणे मिसळण्यापलीकडे तिला काही काम नसते अशी दुसरी. दोन्हींमध्ये या कामाचा गाभा निसटतो. कारण ज्या पेशींवर प्रयोग चालला आहे त्या खरोखर त्याच आहेत का, आणि दिसलेला परिणाम खरोखर त्याच कारणाने घडला आहे का, हे पडताळण्यात साहाय्यकाचा फार मोठा वेळ जातो.

अशा प्रयोगशाळेत रुग्णांवर औषधे आजमावली जातात, असे अनेकांना वाटते. वस्तुतः साहाय्यकाचा रोजचा संबंध असतो तो सेल लाइनशी, म्हणजे पूर्वी कधीतरी एखाद्या रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या आणि पोषक द्रावणात न थांबता विभागत राहिलेल्या पेशींच्या वंशाशी. मानवी पेशींचा असा पहिला अखंड वाढणारा वंश १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्यांच्या संमतीविना घेतलेल्या पेशींपासून, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि ‘हेला’ या नावाने जगभर पसरला. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी पीएच.डी.नंतरचे संशोधन याच गाय यांच्याकडे केले, आणि मायदेशी परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची, म्हणजे जिवंत ऊती व पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारात असलेले नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स अशा पेशी जतन करून देशभरातील संशोधकांना पुरवते.

नळीवरच्या चिठ्ठीत जे नाव लिहिले आहे त्याच पेशी आत असतात, हा गैरसमज मात्र बाहेरच्यांपेक्षा प्रयोगशाळेतल्यांनाच अधिक महागात पडलेला आहे. हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की पिपेटमधून चुकून गेलेला एखादा थेंबही दुसऱ्या फ्लास्कमधील मूळ पेशींना मागे टाकून तो फ्लास्क व्यापून टाकू शकतो. १९६६ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून दाखवून दिले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या १८ मानवी सेल लाइन हेलाने दूषित झालेल्या असाव्यात. ‘एमडीए-एमबी-४३५’ ही लाइन तर वर्षानुवर्षे स्तनाच्या कर्करोगाची म्हणून अभ्यासली गेली, आणि ती मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाची असल्याचे पुढे उघड झाले. म्हणूनच डीएनएमधील पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची लांबी मोजून पेशींची ओळख पटवणारी, गुन्हेतपासातही वापरली जाणारी चाचणी वेळोवेळी करून घेणे हा साहाय्यकाच्या कामाचाच भाग ठरतो.

पेशींची रोजची देखभाल यांत्रिक वाटते, पण तिच्यात नजर कमवावी लागते. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणाऱ्या इन्क्युबेटरमधून फ्लास्क बाहेर काढला की आधी द्रावणाचा रंग पाहिला जातो. फिनॉल रेड या दर्शकामुळे ताजे द्रावण लालसर असते, आणि वाढत्या पेशींनी सोडलेल्या आम्लामुळे ते नारिंगी होत पिवळ्याकडे झुकते. जिवाणू शिरले असतील तर ते एका रात्रीत पिवळे आणि गढूळ होते. फ्लास्क वाया जातो, पण निदान चूक डोळ्यांना दिसते. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंच्या बाबतीत तसे होत नाही. त्यांना पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन निष्प्रभ ठरते, द्रावण स्वच्छच राहते, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि दरम्यान हे जिवाणू पेशींचे पोषण व जनुकांचे कार्य बदलून महिनोन्‌महिन्यांचे निष्कर्ष बिघडवतात. पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखणाऱ्या चाचणीने, किंवा डीएनएला चिकटणाऱ्या चमकदार रंगाने नियमित तपासणी करणे एवढाच त्यावर खात्रीचा मार्ग आहे.

अशा पेशी हाताळणाऱ्याला कर्करोग ‘लागतो’, ही भीती विशेषतः घरच्या मंडळींना वाटते. निरोगी माणसाची प्रतिकारसंस्था दुसऱ्याच्या पेशींना परक्या म्हणून ओळखून नष्ट करते. सुई टोचून गेलेल्या पेशींची गाठ झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अत्यंत विरळ आहेत. काळजी घ्यायची ती रसायनांची: प्रथिने वेगळी करणाऱ्या जेलसाठी लागणारे अ‍ॅक्रिलामाइड घट्ट होण्यापूर्वी मज्जासंस्थेला घातक असते, आणि फॉर्माल्डिहाइड तर स्वतःच कर्करोगकारक आहे.

सर्वांत रुजलेला आणि रुग्णांचे सर्वांत अधिक नुकसान करणारा गैरसमज असा, की प्रयोगशाळेत एखाद्या पदार्थाने कर्करोगाच्या पेशी मेल्या म्हणजे औषध सापडले. हळदीतील कर्क्युमिनविषयी अशा बातम्या मराठी घरांत मोठ्या आशेने वाचल्या जातात. तथापि प्लास्टिकच्या तबकडीतील पेशी ब्लीचनेही मरतात. प्रश्न असतो तो निरोगी पेशींना धक्का न लावता आणि रक्तातून गाठीपर्यंत पुरेशा मात्रेत पोहोचून पदार्थ काम करतो का, हा. कर्क्युमिन पोटातून रक्तात फार कमी उतरते, लवकर विघटित होते, आणि त्याचा स्वतःचा रंग व चमक अनेक चाचण्यांच्या मोजमापात ढवळाढवळ करते. त्यामुळे दक्ष साहाय्यक पेशीविरहित द्रावणात नुसता पदार्थ टाकून, आणि पदार्थाविना केवळ विद्रावक टाकून, असे दोन्ही कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, शेजारी ठेवतो. कर्करोगाने त्रस्त कुटुंबाने अशा बातमीच्या भरवशावर उपचार थांबवू नयेत, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

छापून आलेला निष्कर्षही अंतिम नसतो. कर्करोग जीवशास्त्रातील गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या, २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या प्रकल्पाने ५३ शोधनिबंधांतील १९३ प्रयोग निवडले होते. प्रत्यक्षात २३ निबंधांतील ५० प्रयोगच पुन्हा करता आले, आणि बहुतेक परिणाम मूळ परिणामांपेक्षा बरेच क्षीण निघाले. त्याहून बोलकी बाब अशी, की मूळ लेखकांना न विचारता पुन्हा करता येईल इतक्या तपशिलाने १९३ पैकी एकही प्रयोग लिहिलेला नव्हता. हा तपशील जिथे असतो ती साहाय्यकाची नोंदवही: पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या, गाईच्या गर्भाच्या रक्तद्रवाची कोणती खेप वापरली, औषध किती वाजता घातले, आणि अपेक्षित ठिकाणी प्रथिनाचा पट्टा न उमटलेल्या त्या दोन दिवसांत नेमके काय केले होते. मुदत संपून साहाय्यक निघून जातो, तेव्हा ही वही प्रयोगशाळेतच राहते आणि पुढचा साहाय्यक तिच्यातल्या शेवटच्या तारखेपासून कामाला लागतो.